जीपला मखमल

मूर्खपणा कबूल करायचाच तर तोंड भरून करावा: नवऱ्याच्या जीपची सीट मी स्वतः बसून पसंत केली. म्हणजे चालवायची त्यांनी, दुखरी कंबर त्यांची, आणि दुकानात ऐटीत बसून पाहिलं कोणी, तर मी. त्यात मी ह्यांच्याहून चांगली चार बोटं उंच. लग्नात अंतरपाट धरला तेव्हाच साऱ्या आगाशी गावाला ते दिसलं होतं. दुकानात बसताना एक मलाच आठवलं नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमची केळीची वाडी बरीच आत. पावसाळ्यात तिथे बैलगाडीसुद्धा रुतायची. म्हणून ह्यांनी चारही चाकांना जोर असलेली एक जुनी उघडी जीप घेतली होती. चिखलातून ती म्हशीसारखी निवांत चालायची, पण सीट म्हणजे लोखंडी पत्रा, त्यावर चपटा झालेला काथ्या आणि मधोमध वर आलेली एक स्प्रिंग. दोन वर्षांत ह्यांच्या कंबरेने हात टेकले. डॉक्टर म्हणाले, सीट बदला, नाहीतर जीप विका. पण विकतात कसले! माझ्याकडे कधी पाहिलं नसेल इतक्या मायेने हे त्या जीपचं बॉनेट पुसायचे.

डॉक्टरांनी ह्यांना आठ दिवस झोपवून ठेवलं, तेवढ्यात मी बेत केला. धाकट्या दिराला जीप काढायला लावली आणि आम्ही दोघं वालीवला सीटा बनवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याचा पहिलाच प्रश्न, गाडी चालवतं कोण आणि त्यांना का नाही आणलं. मी म्हटलं, "मी बसले म्हणजे ते बसल्यासारखंच आहे." दीर छपराकडे बघत राहिला.

कारागिराने तीन नमुने दाखवले. पहिला कडक, दुसरा मधला. दोन्हींना मी नाक मुरडलं. आमच्याकडे माणसाचा मान गादीच्या उंचीवर. जावई आला की त्याच्याखाली दोन गाद्या, व्याही आला की दीड. मग ज्याची कंबर दुखते त्याला चपटं कसं द्यायचं? तिसऱ्या नमुन्यावर बसले, वीतभर आत गेले आणि फर्मावलं, यात अजून भरा. तो म्हणाला, ताई, मऊ सीट खड्ड्यात माणसाला उडवते. मला वाटलं, फोम वाचवतोय मेला. वर कापड निवडलं ते मरून रंगाची मखमल. उघड्या जीपला, चिखलातल्या वाडीत. आता आठवलं की त्या बाईला गाठून एक ठेवून द्यावीशी वाटते.

नवव्या दिवशी जीप दारात. मी पदर खोचून नारळ घेऊन उभी. हे आले, सीटकडे पाहिलं, चढून बसले, जरा पाय हलवले. कशी आहे विचारलं तर म्हणाले, बरी आहे. ह्यांच्या तोंडून एवढं म्हणजे भाषणच. मी नारळ फोडला आणि शेजारी जाऊन बसले.

वाडीच्या बांधावर पहिला खड्डा आला. सीटने ह्यांना असं वर फेकलं की डोकं ताडपत्रीच्या लोखंडी पाइपवर आपटलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढे वळण, आणि वळणाला लागूनच बावखल, आमचं वाडीला पाणी देणारं तळं. दुसऱ्या खड्ड्याला हे पुन्हा उडाले. मी खाली पाहिलं. ह्यांचा पाय ब्रेक शोधत होता आणि ब्रेकच्या वर नुसता हवेत हलत होता. जीप सावकाश, ओटी भरायला निघालेल्या बाईसारखी, उतारावरून खाली गेली आणि पुढची दोन्ही चाकं पाण्यात ठेवून थांबली.

मी ह्यांच्याकडे वळले. स्टिअरिंग घट्ट धरलेलं, चेहरा पांढरा, मान जागच्या जागी. कंबर आखडली होती. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता उठत नाही, आणि हे मी केलं. माझी पावलं पाण्यात बुडाली होती, तेही मला कळलं नव्हतं.

शेजारच्या वाडीतल्यांनी ह्यांना फळीवर घालून घरी आणलं, जीप दोराने ओढून काढली. पुन्हा पंधरा दिवस अंथरूण. तिसऱ्या दिवशी हे आढ्याकडे बघत म्हणाले, जीपला गिऱ्हाईक बघायला सांग.

उठते झाल्यावर ह्यांनाच धरून वालीवला नेलं. कारागिराने आधी ती मखमली सीट काढून बाजूला ठेवली. त्याने ह्यांना कडक सीटवर बसवलं, मांडीखाली हात घालून पाहिलं, ब्रेक दाबायला लावला, सीट खाली घेतली, पुढे सरकवली, पाठीला फळीसारखा टेका दिला. वर साधं काळं रेक्झिन. मी बसून पाहिलं तर शाळेचा बाक. पण हे बांधावरून फेरी मारून आले, कुठे हात न टेकता उतरले आणि म्हणाले, गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळव.

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच जीभही सुटली. विचारलं, पाय पोचतो की नाही हे बसल्याबसल्या कळतं ना, मग त्या दिवशी निघालात कशाला?

बॉनेट पुसतापुसता हे म्हणाले, "अगं, दारातच कळलं होतं मला. पण तू नारळ घेऊन उभी होतीस. म्हटलं, एक फेरी मारून येऊ, मग सांगू."