आमच्या घरावरचं आयनांबर

हसायचं असेल तर पोटभर हसा, पण आधी पूर्ण ऐका. हे आठवलं तरी माझे कान तापतात!

मी वर्गात इतकी गप्प असते की माझं 'हजर' फक्त बाकाला ऐकू जातं. अशा मुलीनं अर्धं गाव अंगणात गोळा केलं! कशासाठी? तर आभाळातला बिघाड ऐकवायला!

झालं असं. विज्ञानाच्या तासाला आयनांबर आलं. खूप उंचावरचा, विद्युतभारित कणांचा थर. शॉर्टवेव्ह रेडिओच्या लहरी तिथून परत खाली येतात, म्हणून दूरदूरची स्टेशनं लागतात.

सर म्हणाले, "दिवस मावळला की कधी कधी या थरात बुडबुड्यांसारखे विरळ पट्टे तयार होतात. थर खडबडीत होतो. मग रेडिओचा आवाज चढतो, बुडतो, फाटतो."

मी ताठच बसले. आमचा रेडिओ! दिवसभर सरळ वाजतो आणि दिवस मावळला की गाण्याच्या मधोमध टक्… टक्… टक्! रोज! म्हणजे खडबडीत जागा नेमकी आमच्या घरावर?

हे मी फक्त प्रज्ञाला सांगितलं, तेही कानात. माझ्या या मैत्रिणीच्या कानात सांगणं म्हणजे ग्रामपंचायतीच्या भोंग्यात सांगणं. मधल्या सुट्टीत वर्गाला कळलं, शाळा सुटेपर्यंत सरांना.

"सुजाता, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला आपल्या शाळेतून एकच नाव जाणार आहे," सर म्हणाले. "तुझं पाठवीन. पण मी स्वतः ऐकल्याशिवाय नाही. आज संध्याकाळी येतो."

माझं नाव! आजवर माझं नाव हजेरीच्या पुढे कधी गेलं नव्हतं.

संध्याकाळी सर आले. मागे वर्ग, वर्गामागे शेजारीपाजारी. शेजारच्या किसनकाकांनी तर खाटच टाकली. "काऊन व पोरी, माह्या मोबाईलची रेंज याच्यानंच जाते का?"

दिवस मावळला. रेडिओवर कुठल्या तरी परदेशी बाई गात होत्या. स्वच्छ, गोड. टक् नाही, काही नाही!

सर घड्याळाकडे बघायला लागले. प्रज्ञानं मला चिमटा काढला. "रोज होते म्हने ना?"

"रोज होतं गं…"

"मंग आज काय सुट्टी हाये का त्याले?"

गेलं प्रदर्शन!

तेवढ्यात बाबा शेतातून आले. "जय भीम, सर." मग माझ्याकडे वळले. "अवं, मशीन नाई लावली आज? डुकरं मका साफ करतीन ना!"

मशीन म्हणजे झटका मशीन. रानडुकरं शिरू नयेत म्हणून घरामागच्या शेताला तार लावलेली असते आणि ही मशीन तारेत थांबून थांबून झटका सोडते. दिवसा माणसं वावरतात म्हणून बंद. दिवस मावळला की चालू करायची, हे काम माझं. आज पाहुण्यांच्या गडबडीत राहिलं होतं.

मी पळत घरामागे गेले. बटन दाबलं.

टक्!

अंगणात एकच गिल्ला. "आलं! आलं! आयनांबर आलं!"

माझा हात बटनावरच गोठला. छे! असं कसं असेल? मी बटन बंद केलं.

"गेलं बे!"

चालू केलं.

"आलं!"

सरांचा आवाज आनंदानं कापत होता. "ऐका मुलांनो, थर कसा हेलकावे खातोय!"

बंद. चालू. बंद. चालू. निदान एकदा तरी चुकावं म्हणून मी बटन दाबत राहिले. एकदाही चुकलं नाही हो!

मागे वळून बघते तर बाबा उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बटनाकडे पाहिलं, अंगणातला गोंधळ ऐकला आणि हाक मारली, "सर, इकडं या. तुमचं आयनांबर इथं उभं हाये!"

सगळे आले. सर रेडिओ हातात घेऊनच आले. त्यांनी स्वतः बटन दाबून पाहिलं. चालू, टक्. बंद, परदेशी बाई.

मग किसनकाका म्हणाले, "म्हंजे रोज सांजच्याले आभाळ हेच बिघडवत होती?"

जे हसले सगळे! मला वाटलं, त्या तारेखालून पळून मक्यात लपावं.

सरांनी चष्मा पुसला. "अगं, रोज स्वतःच बटन दाबतेस आणि लक्षात नाही आलं?"

हात बटन दाबायचा तेव्हा डोकं आभाळात असायचं.

"आता नाव कोणाचं पाठवू मी?"

"हिचंच पाठवा, सर," बाबा म्हणाले. "आभाळ बटनावर चालू-बंद करनारी पोरगी दुसऱ्या शाळेत भेटन काय?"

सर हसत हसतच "बरं, पाठवतो. पण मशीन घेऊन!" असं म्हणून गेले. मी तर हवेतच! कसली भाजी, कसली भाकर, प्रदर्शनात काय काय बोलायचं ते घोकतच झोपले.

सकाळी उठून बघते तर बटन बंदच. सरांनी शेवटी बंद केलं होतं, ते तसंच! मक्याचा अख्खा एक कोपरा आडवा झालेला, सगळीकडे खुरांचे ठसे.

बाबा बांधावर उभे राहून मक्याकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काल आयनांबर लय शांत होतं वाटते."