मंगलाकाकूंच्या एजंटचा बॅकअप

"प्रकाशभाऊ, याची याददाश्त जाऊन राहिली म्हणते कंपनी. महिन्याच्या आत काढून घ्या म्हणते. आता कशी काढू? माणसाची तर कोनालेच काढता येत नाई!"

फोन अकोल्याहून मंगलाकाकूंचा होता. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्यांचं वधू-वर सूचक केंद्र आहे. मी अमरावतीला असतो. लहान ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं करतो. त्यांच्या केंद्रात एआय एजंट मीच बसवून दिला होता.

एजंट म्हणजे काय ते सांगतो. साधा चॅटबॉट विचारलं तेवढं सांगतो आणि विसरून जातो. एजंट लक्षात ठेवतो. कोणत्या घराशी काय बोलणं झालं, कोणी कोणाला नकार दिला, सगळं स्वतःच टिपून ठेवतो. त्या टिपणांना मेमरी म्हणतात. ती फाइलमध्ये बाहेर काढणं म्हणजे एक्स्पोर्ट. त्या फाइलची प्रत जपून ठेवणं म्हणजे बॅकअप. एजंट चालवणारी कंपनी गाशा गुंडाळत होती, म्हणून मेमरी काढून दुसऱ्या कंपनीच्या एजंटमध्ये भरायची होती.

काकूंनी आपल्या जुन्या वह्या रोज दुपारी चहा घेत एजंटला वाचून दाखवल्या होत्या आणि मग भंगारात दिल्या होत्या. मेमरी गेली तर तीस वर्षांचं केंद्र बंद, इतका सरळ मामला होता. दुसऱ्याच दिवशी मी अकोला गाठलं.

एक्स्पोर्ट दहा मिनिटांत झाला. फाइल उघडली आणि मी कामच विसरलो. "मुलाची आई: आम्हाला काहीच नको. चारचाकीबद्दल तीनदा विचारलं." पुढची नोंद: "मुलीला स्वयंपाकाची आवड, असं आईचं म्हणणं. मुलीचं म्हणणं: अजिबात नाही." एक टीप तर एजंटने स्वतःच्या अकलेने लिहिली होती: "या भागात 'पत्रिका जुळत नाही' हे बहुधा नकाराचं कारण नसून नकार देण्याची पद्धत आहे."

मी पोट धरून हसलो. मग म्हणालो, "काकू, नव्या कंपनीचा नियम आहे. मेमरी भरून पक्की केली की प्रत्येक उमेदवाराच्या मोबाइलवर त्याची स्वतःची नोंद जाणार. बरोबर आहे का, असं विचारणार. थोडी साफसफाई करू का?"

"काई गरज नाई. तीस वर्षं गोड बोलून पाह्यलं. आता खरं काय ते वाचू द्या लोकाईले. तुमी मधात हात नका घालू," असं म्हणून काकू चहा टाकायला आत गेल्या.

मी फाइल खाली सरकवत गेलो. 'श' आला.

"शलाका, वय एकोणतीस. फॉर्मवर: जातीची अट नाही. आलेलं स्थळ: अमरावतीचे प्राध्यापक, बौद्ध कुटुंब. मुलीने बोलायची तयारी कळवली. वडिलांनी नकार दिला. कारण: पत्रिका जुळत नाही. टीप: मुलाकडच्यांनी पत्रिका दिलेलीच नाही. त्यांच्याकडे पत्रिका काढत नाहीत."

शलाका माझी मुलगी. जातीची अट नाही, हे फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि चार लोकांत सांगतही होतो. प्राध्यापकांचं काय झालं, असं तिने दोनदा विचारलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "त्यांनीच पुढे काही कळवलं नाही." आता ही नोंद तिच्या मोबाइलवर जाणार होती.

बॅकअपमध्ये काना-मात्राही बदलायचा नसतो, हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं ऐकवत आलोय. तरी ती नोंद सिलेक्ट केली आणि डिलीट दाबलं. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा मी फार कामात असल्यासारखा बसलो होतो.

नुसता बॅकअप घेऊन भागत नाही. फाइल नव्या ठिकाणी भरून चालते का ते बघावं लागतं. त्याला रिस्टोअर टेस्ट म्हणतात. फाइल भरली आणि म्हणालो, "काकू, काहीही विचारून बघा याला."

"आपल्या शलाकाले किती स्थळं दाखोली रे आतापर्यंत?"

एजंट अदबीने म्हणाला, "या नावाची उमेदवार माझ्या माहितीत नाही."

"साऱ्याईचं आठवते याले. तुमच्याच पोरीचं कसं गेलं, भाऊ?"

"एरर असेल फाइलमध्ये."

"एररले बरं तुमचंच घर सापडलं!"

जुना एजंट अजून चालू होता. काकूंनी मोबाइल काढून त्यालाच विचारलं. त्याने नोंद जशीच्या तशी दिली. काकूंनी ती मोठ्याने वाचली, शेवटच्या टिपेसकट.

"मले तर तुमी सांगतलं होतं, गुरुजीले पत्रिका दाखोली म्हणून."

मी चहाचा कप तोंडाला लावला.

"अन् तिले काय सांगतलं?"

"त्यांनीच काही कळवलं नाही म्हणून."

"अरे बावा!" काकूंनी मोबाइल खाली ठेवला. "लोकं मले रोज खोटं सांगते. त्याचं काई वाटत नाई. पण तुमी तिलेच खोटं सांगतलं. नोंद परत टाका. नाई तर मी आत्ता फोन लावतो शलाकाले."

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. नव्याने एक्स्पोर्ट केला. या वेळी कशालाही हात लावला नाही. फाइल भरली, टेस्ट घेतली, सगळं बरोबर आलं तेव्हा पक्की केली. दुपारी नोंदी सगळ्यांना गेल्या.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूरपर्यंत मी मोबाइल हातातच धरून होतो. शलाकाचा फोन आला नाही. मूर्तिजापूर सुटल्यावर काकूंचा आला.

"शलाकाचं उत्तर आलं. सारं बरोबर हाये म्हणते. एकच दुरुस्ती केली."

"काय?"

"स्थळं कळवायले तुमचा नंबर होता. तो काढला तिनं. स्वतःचा टाकला."

मी विचारलं, "काकू, ते प्राध्यापकाचं स्थळ अजून आहे का हो?"

"ते आता मले शलाकालेच सांगता येते," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काम चोख झालं. एकही नोंद हरवली नाही. मात्र हल्ली नवं काम आलं की आधी विचारून घेतो, तुमच्या फाइलमध्ये माझ्या घरचं कोणी आहे का. असेल तर ते काम मी दुसऱ्याला देतो.