एक गुरुवार त्याचा, एक माझा

आमच्या खात्यात शे-दीडशे गेम होते आणि त्यातला एकच आम्ही खेळायचो. बाकीचे सगळे फुकट आलेले. इंटरनेटवर गेम विकणारी दुकानं असतात, त्यातलं एक दर गुरुवारी एक गेम फुकट देतं. बटण दाबलं की तो आपल्या यादीत येऊन बसतो आणि जन्मभर तिथेच राहतो, खेळा नाहीतर खेळू नका. तलवारीवाले, मासे पकडायचे, हॉटेल चालवायचे, एक तर अख्खा परक्या लिपीतला होता. एकात फक्त भुतांपासून पळायचं होतं. इतकं पळायला आम्हाला मजुरी दिली असती तरी आम्ही पळालो नसतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. नंदुरबारच्या बाहेर आमची मिरचीची पथारी आहे. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं रान. ओली लाल मिरची घ्यायची, जमिनीवर पसरायची, उलटीपालटी करायची, बाया देठं खुडतात, मग वाळलेला माल मसालेवाल्यांना जातो. रानाच्या टोकाला पत्र्याची खोली आहे, तिला आम्ही ऑफिस म्हणतो. जीएसटीची बिलं करायला तिथे जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. त्याच्या कीबोर्डच्या फटींमध्ये इतकी मिरची बसलीय की नवीन माणूस टाइप करायला बसला की पहिल्यांदा शिंकतो.

गेमचं खातं भावानं उघडलं. पहिला गेम फुकट मिळाला तो ट्रकचा. बटण दाबताना आम्ही दोघंही तिथेच होतो, त्यामुळे ट्रक दोघांचा. त्यानंतर मात्र वाद व्हायला लागला, कारण बटण दाबण्यातही एक मजा असते. मग आम्ही विहिरीच्या पाण्यासारखी पाळी लावली. एक गुरुवार त्याचा, एक माझा. पाळी नसताना मी माऊसला हात लावला की तो ओरडायचा, "भाऊ, आज मन्हा गुरुवार शे, हात लावू नको."

मी म्हणायचो, हा गेम आपण उघडणारसुद्धा नाही, कशाला घेतोस? त्याचं उत्तर ठरलेलं. "फुकट शे ना? मंग ली ठेव."

खेळायचो फक्त ट्रक. उन्हाळ्यात पथारी रिकामी असली की दुपारभर. बर्फाच्या रस्त्यावरून माल पोचवायचा. मी सिग्नल पाळायचो, वळणावर हळू घ्यायचो, तर तो मागून हसायचा की मालातली मासळी सडून जाईल पण भाऊचा ब्रेक सुटणार नाही. त्याच्या हातात आला की ट्रक रस्त्यापेक्षा शेतातून जास्त चालायचा. ते दिवस चांगले होते. तेव्हा ते आपल्याला कोणी सांगत नाही.

आमचं बिनसलं ते एका ढगाळ संध्याकाळी. रानभर माल पसरलेला, तो म्हणाला ताडपत्री टाकू, मी म्हणालो वारा आहे, ढग निघून जातील. पाऊस आला. निम्मा माल काळा पडला. देठं खुडणाऱ्या बायांसमोर तो मला बोलला, मी त्याला बोललो. कोणाचं चुकलं हे मला आजही ठरवता येत नाही, आणि माझंच चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या वाऱ्यात ताडपत्री फाटलीच असती. पण तो सकाळच्या गाडीनं बायकोला घेऊन सुरतला गेला, तिकडे साड्यांवर भरतकाम करणाऱ्या मशीनवर लागला, आणि आमचं बोलणं थांबलं.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पथारीवर ज्यानं माल टाकला त्यानंच आपली जागा झाडायची. पुढच्या हंगामात पुन्हा यायचं असेल तर कोणी झाडत नाही. देठं, बिया, चुरा तसाच पडू देतात. आणि भागीदारी मोडायची असेल तर दोघं आपापली बाजू झाडतात. आधी मोठा झाडतो, मग लहान. त्यानंतर कोणी कोणाला काही विचारायचं नसतं. ताडपत्री, वजनकाटा, असल्या दोघांच्या वस्तू जो मागे राहतो त्याच्याकडे राहतात. यासाठी भांडण लागत नाही की पंच लागत नाहीत. झाडूचा आवाज आला की शेजारच्या पथारीवाल्यांना कळतं.

माझा भाऊ न झाडता गेला होता. मीही झाडलं नाही. त्याची बाजू मी तशीच ठेवली, तिथे गवत उगवलं, कामावरची बाई दोनदा विचारून गेली, "शेठ, ती बाजू झाडी लेऊ का?" मी तिच्यावर खेकसलो. न झाडलेली जागा म्हणजे तो येणार. मला तेवढं पुरत होतं.

आणि गुरुवार चालूच राहिले. खातं त्याच्या मोबाइलवरही होतं. तो गेल्यावरचा पहिला गुरुवार त्याचा होता. शुक्रवारी सकाळी मी ऑफिस उघडलं, सवयीनं यादी पाहिली, तर सगळ्यात वर नवीन गेम. कुठला तरी बेडकाचा. मी त्या बेडकाकडे बघत उभा राहिलो आणि मला रडू आलं. पुढच्या गुरुवारी मी माझा घेतला. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यानं त्याचा. असं चाललं. फोन नाही, दिवाळीला येणं नाही, पण एका आड एक शुक्रवारी मला कळायचं की माझा भाऊ बरा आहे, त्याच्या मोबाइलमध्ये रिचार्ज आहे, आणि त्याला आपली पाळी आठवते.

एकदा त्याचा गुरुवार कोरा गेला. शनिवारपर्यंत मी कशीबशी कळ काढली, मग बायकोला म्हटलं, जावेला फोन लाव. त्या दोघींचं बोलणं कधी थांबलं नव्हतं. बायकांना आमच्यासारखं फुगून बसायला वेळ नसतो. कळलं की त्याला ताप होता. पुढच्या पाळीला त्यानं गेम घेतला आणि मी पोटभर जेवलो.

माझी मुलगी शहाद्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. सुट्टीत घरी आली की तिला ही यादी बघवत नाही. "पप्पा, यामाईन एक तरी खेळतस का तुम्ही? काढी टाका ना," ती म्हणायची. तिचं म्हणणं खरंच होतं. नको असलेली वस्तू फुकट आली तरी ती नकोच असते, आणि तिच्या गर्दीत हवी ती सापडत नाही. नवीन आलेलं वर बसतं, त्यामुळे ट्रक पार तळाला गेला होता. मी तिला म्हणायचो, राहू दे, काय खायला मागतात का. खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं. बापानं मुलीला असं कसं सांगायचं, की ही तुझ्या काकाची पत्रं आहेत.

मग या वर्षी बायकोला तिच्या जावेचा फोन आला. बोलता बोलता तिनं सांगितलं की भावानं जुना लॅपटॉप घेतलाय. बायकोनं मला निरोप दिला, "त्या म्हनत व्हत्यात, एवढ्या पसारामा ट्रक सापडस नही."

माझं तर डोकंच फिरलं आनंदानं. तो ट्रक शोधतोय! यादीत प्रत्येक गेमसमोर तो किती तास खेळला गेला ते दिसतं. ट्रकसमोरचा आकडा कधीचा थिजला होता. तो खेळला तर आकडा वाढेल, मग मी खेळेन, मग त्याला माझा वाढलेला दिसेल. आणि असं करता करता एखाद्या दिवशी फोन. माणूस एकदा आशेला लागला की कुठपर्यंत जातो बघा.

तेव्हा मी ठरवलं की यादी साफ करायची, ट्रक वर आणायचा. पण त्यानं घेतलेल्या गेमना हात कसा लावू? ते त्याचे. पाळीची गोष्ट होती. मी फक्त माझ्या गुरुवारांचे काढायला बसलो. दुकान दर वेळी विचारतं, कायमचा काढायचा का? एकदा काढलेला पुन्हा फुकट मिळत नाही. मी हो म्हणत गेलो. मासे गेले, हॉटेल गेलं, तलवारी गेल्या. मिरची निवडताना बसतो तसा मांडी घालून खुर्चीत बसलो होतो, हात आपोआप चालत होता, आणि मी गुणगुणत होतो. बायको चहा ठेवायला आली तेव्हा म्हणाली की कितीतरी दिवसांनी गुणगुणताय. यादी निम्मी झाली. त्याचे सगळे जागच्या जागी, आणि ट्रक आता थोडं खाली सरकवलं की दिसत होता.

तो आठवडा मी सुखात काढला.

पुढचा गुरुवार त्याचा होता. शुक्रवारी सकाळी ऑफिस उघडलं, यादी उघडली. बेडूक नव्हता. भुतं नव्हती. परक्या लिपीतला नव्हता. मला वाटलं इंटरनेट गेलंय, मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. त्याच्या पाळीचे सगळे गेम काढलेले होते, एकूण एक. राहिला होता फक्त ट्रक.

मी खुर्चीतून उठलोच नाही. खिडकीतून समोर पथारी दिसत होती, त्याच्या बाजूचं गवत दिसत होतं, आणि मी काय करून बसलोय ते मला तेव्हा कळलं. त्यानं यादी उघडली असेल. माझे सगळे गेलेले, त्याचे सगळे राहिलेले, मधली रेघ अगदी सरळ. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, भाऊनं जागा मोकळी केली. पण तो पथारीवर वाढलेला. मोठ्यानं आपली बाजू झाडली, आता लहानानं झाडायची. आणि दोघांची वस्तू, ती मागे राहणाऱ्याकडे. ट्रक त्यानं माझ्यासाठी ठेवला होता, ताडपत्रीसारखा.

मी त्याला फोन लावला. इतक्या काळात पहिल्यांदा. सांगायचं होतं की अरे वेड्या, ते झाडणं नव्हतं, मी तर तुझ्यासाठी ट्रक वर आणत होतो. वाक्य तोंडात तयार होतं.

त्यानं लगेच उचलला. "भाऊ," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मोकळा होता की मी बोलायचं विसरलो. तब्येत विचारली, वहिनी कशी, पोरगी काय शिकते. मग म्हणाला, "मन्हा राग नही शे, भाऊ. तू झाडं ते बरं करं. मी कवयपासून वाट देखी ऱ्हायंतू. मी लहाना, मी पहिले कसा झाडू?"

मी परत येण्याचं विचारलं, "आठे येवानं नही का मंग?"

"आठेच सुरतमा भागीदारीमा मशीन टाकी ऱ्हायनू. जीव लागी ग्या आते आठे. तठली जागा मोकळी करी टाक. कोनले तरी दे."

"आनि ते गुरुवारना गेम?" मी विचारलं.

तो हसला. तेच हसणं, ट्रकच्या मागून यायचं ते. "तू लेस म्हनीसन मी लेऊ. म्हतलं, भाऊले वाईट नको वाटाले."

म्हणजे एका आड एक शुक्रवारी मी जो भाऊ बघत होतो, तो माझ्यासाठी बटण दाबत होता. येण्यासाठी नाही, मला वाईट वाटू नये म्हणून. मी झाडण्याची वाट बघत होता बिचारा, आणि मी झाडत नव्हतो म्हणून बांधला गेला होता. ट्रकचं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला पुन्हा दर दुसऱ्या गुरुवारी बटण दाबावं लागलं असतं. "बरं शे," मी म्हणालो. "बरं करं आपन." तोही म्हणाला, बरं झालं. फोन ठेवल्यावर मला त्याचा भयंकर राग आला, आणि नंतर तोही राहिला नाही.

मुलगी पुढच्या सुट्टीत आली, यादी बघून खूश झाली. मग सगळी हकिगत कळली तेव्हा हळूच म्हणाली, "पप्पा, ट्रकवर तारा लावना व्हता. तो आपोआप वर ऱ्हाता. काहीच काढानं काम नव्हतं." मी तिला म्हटलं, आता सांगतेस. ती उठून आईकडे गेली.

त्याची बाजू मी बाईकडून झाडून घेतली नाही, स्वतः झाडली. रीतीप्रमाणे ती त्यानं झाडायची, पण त्यानं तिकडे त्याच्या परीनं झाडलीच होती. गवत उपटलं, जुनी देठं निघाली, चुरा उडाला तसा ठसका लागला. शेजारचा पथारीवाला बांधावर येऊन उभा राहिला, बघितलं, आणि काही न विचारता परत गेला. या हंगामात ती जागा त्यानंच घेतली आहे.

गेम आजही दर गुरुवारी फुकट येतो. मी घेत नाही. यादी उघडली की ट्रक पहिल्या ओळीत दिसतो, शोधावा लागत नाही. मला तो तिथेच हवा होता. नवीन काही घेतलं तर ते त्याच्या वर जाऊन बसेल.