स्टँड बायमध्ये वाळलेलं मटण

नव्वदच्या दशकात माझं पोस्टिंग बेंगळुरूला होतं. मी लंगरचा, म्हणजे लष्करी स्वयंपाकघराचा हवालदार. घर तिथल्याच यशवंतपूरला, त्यामुळे माझ्या मराठीत कानडी घुसायचं आणि आमचा कुक लान्स नाईक पांडुरंग माझी टर उडवायचा. साताऱ्याचा गडी. हाताला चव होती आणि तोंडाला कुलूप नव्हतं.

कंपनी दुसऱ्या सकाळी काश्मीरला निघणार होती. पांडुरंगही. मी मागे राहणार होतो. म्हणून दुपारी बडाखाना ठेवला होता. या जेवणात अधिकारी स्वतः जवानांना वाढतात. सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांनी मटण रोस्ट सांगितलं होतं. वेळ तेरा तीस. तेरा वीसला वायरलेस सेटवर आवाज आला, "सीओ उशिरा येतील. लंगर स्टँड बाय. ओव्हर."

"उस्ताद, मटण झालं. बाहेर काढून झाकून ठेवतो," पांडुरंग म्हणाला.

"स्वल्प थांब. भट्टीतच राहू दे."

"आतल्या आत वाळंल."

"ऑर्डर आहे."

ऑर्डर फक्त थांबायची होती. मटण भट्टीत ठेवायची अक्कल माझी. सीओ साहेब चौदा पंधराला आले, तोवर त्याचं चामडं झालं होतं.

पांडुरंगने बोल लावला नाही. रेषांना आडवे, पातळ काप केले आणि हाडांच्या गरम अळणी रश्श्यात सोडून झाकले. "उकळू द्यायचं नाही उस्ताद, उकळलं की आणखी आवळतं." वीस मिनिटांनी पंगत बसली. जवानांनी मागून मागून खाल्लं.

सीओ साहेबांनी वाढता वाढता विचारलं, "रोस्ट सांगितलं होतं. हा रस्सा कुणी केला?"

"माझी चूक, सर." पांडुरंग सावधान उभा होता.

भर पंगतीत त्याला झापलं. मी दोन हातांवर होतो. माझं प्रमोशन जवळ आलं होतं, मी तोंड उघडलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

तो सुट्टीवर इकडे आला की त्याच्या देखतच साहेबांना खरं सांगू, असं ठरवलं. दोन महिन्यांनी सिग्नल आला. चौकीवर जेवण पोहोचवताना गोळीबारात लान्स नाईक पांडुरंग शहीद.

मी त्याच्या गावी गेलो. आईला सगळं सांगितलं. चूक माझी होती, बोलणी त्याने खाल्ली.  माउलीने विचारलं, "त्या दिवशी त्यो जेवला व्हता का?"

कुक सगळ्यांच्या शेवटी जेवतो. तोवर पातेलं रिकामं झालं होतं.

मी पुन्हा गप्प बसलो.