आवाज न करायची जिम

घरसामान हलवणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे खालचा म्हणायचे. त्यात कमीपणा काही नव्हता. कपाट जिन्याने चढवायचं तर दोन गडी लागतात. एक वरच्या पायरीवर पाठमोरा चढतो, दुसरा खालून ओझं अंगावर घेतो. हा जन्मभर खालून घेत आला. वरून धरणारा त्याचा जोडीदार, तो वरचा. आईबापांनी ठेवलेली नावं दोघांनाही होती, पण ती फक्त पगाराच्या दिवशी पुकारली जायची आणि तेव्हाही दोघं क्षणभर दुसऱ्याच कुणाला तरी शोधायचे.

खालच्याला जिना कधी दिसत नाही. गाल लाकडाला चिकटलेला, डोळ्यांत घाम, समोर कपाटाचा तळ. बघायचं काम वरच्याचं आणि बोलायचंही त्याचंच. "चल?" असं वरच्याने विचारायचं. ओझं खांद्यावर नीट बसलं की खालच्याने पोटातून "हुं" करायचं. तो हुं कानावर पडल्याशिवाय वरच्याने पाय हलवायचा नाही, हा त्यांचा कायदा. मधल्या वेळात शिव्या.

"रेड्या, डावीकडे म्हटलं! ज्या हाताने जेवतोस तो सोडून दुसरा!"

"तू वर काय करतोयस ते सांग आधी. मांजर कुरवाळल्यासारखा नुसता हात फिरवतोयस!"

"मग ये वर, मी खाली येतो."

"तुझ्या त्या काटक्या मोडतील. चढ गपगुमान."

असं बोलत बोलत दोघांनी माणसांचे संसार चढवले, उतरवले. लोकांच्या पलंगाखाली काय काय निघतं ते त्यांना ठाऊक, पण बाहेर कधी बोलले नाहीत. आणि खालच्याचं दिवसभराचं बोलणं म्हणजे हेच. संध्याकाळी खोलीवर आला की भिंती. लग्नाचं राहून गेलं होतं. का राहिलं हे विचारणारी माणसंसुद्धा आता राहिली नव्हती. मोठी बहीण तेवढी रविवारी फोन करायची. एरवी खोलीत त्याचा आवाज निघायचा तो चमचा खाली पडला तर, "घ्या!" एवढाच.

मग एका वळणावर, धुण्याचं मशीन अंगावर असताना, त्याच्या पाठीत उसण भरली. मशीन कसंबसं टेकवलं आणि खालचा पायरीवर जो बसला तो उठेना. वरच्याने त्याला धरून खाली आणला, वाटभर शिव्या घालत. डॉक्टर म्हणाले, आधी विश्रांती, मग पाठीला बळकटी आणायची. मालकाने त्याला गोदामात कपबश्या कागदात गुंडाळायला बसवलं आणि गाडीवर त्याच्या जागी एक नवा गडी घेतला.

"काढून नाही टाकत तुला," मालक म्हणाला. "पाठ घट्ट करून ये. एक कपाट वरपर्यंत नेऊन दाखव, त्या दिवसापासून पुन्हा गाडीवर."

गोदामात तो आणि कपबश्या. कपबश्या काय बोलणार? संध्याकाळी गाडी परत आली की वरचा आत डोकावायचा.

"नवा कसा आहे?" खालचा विचारायचा.

"बरा आहे. हुं जरा किरटा करतो, उंदीर सापळ्यात सापडल्यासारखा. तू लवकर ये बाबा."

तेवढ्या एका वाक्यावर खालच्याने दुसऱ्या दिवशी जिम गाठली.

जिम बंद पडलेल्या एका कापड दुकानाच्या जागेत होती. दारावर भली मोठी पाटी: नवशिक्यांचं स्वागत, परवडणारी फी, इथे तुम्हाला कुणी हसणार नाही. फी खरोखरच एवढी कमी होती की त्याला आधी संशय आला. काउंटरवरच्या मुलीने त्याला सगळं फिरवून दाखवलं. तिच्या तोंडात काका होतं, त्यामुळे त्याला जरा धीर आला.

"काका, हा खिळा ज्या भोकात घालाल तेवढं वजन. मशीनवर चित्र आहे, लाल रंगवलंय तो भाग बळकट होतो. चुकायचा प्रश्नच नाही. मशीन आपल्या रुळावरच चालतं."

"आणि शिकवणारे मास्तर?"

"ते पहिल्या दिवशी असतात."

"आज पहिलाच दिवस आहे."

"आज ते आले नाहीत. पण व्हिडिओ आहेत ना काका, मोबाइलवर."

पाठीचं मशीन त्याने चित्रावरून ओळखलं. बसला, दांडा धरला, खिळा घातला तो सवयीने बऱ्याच खाली, आणि पोटातून दणदणीत "हुं" करून ओढला.

सगळी जिम वळली. भिंतीला आरसे असल्यामुळे जेवढी माणसं वळली त्याच्या दुप्पट दिसली. पळत्या पट्ट्यावरची एक बाई घाबरून कडेला उभी राहिली. हसलं मात्र कुणी नाही, पाटीवर लिहिल्याप्रमाणे. एखादा हसला असता तर बरं वाटलं असतं, असं त्याला वाटून गेलं.

काउंटरवरची मुलगी लगबगीने आली. "काका, आवाज नाही करायचा. नवीन लोक बिचकतात. तो इथला नियमच आहे."

"अगं, आवाज केला नाही तर समोरच्याला कळणार कसं?"

मुलीने समोर बघितलं. समोर भिंत होती. "समोर कुणीच नाहीये काका," ती म्हणाली. वाईट मनाने नाही, जे दिसलं तेच म्हणाली.

रविवारी बहिणीने फोनवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. "म्हणजे आयुष्यभर ओझी उचलायचे पैसे घेतलेस आणि आता ओझी उचलायचे पैसे देतोस? आपल्या घरात एवढा हुशार कुणावर गेलास रे?"

"ताई, स्वस्त आहे गं."

"फुकट असतं तरी मी विचारलंच असतं. काय मिळतं तिथे?"

त्याने विचार करून सांगितलं. गरम पाण्याची अंघोळ मिळते, खोलीवरच्यासारखं बादलीत हात घालून बघावं लागत नाही. मशीन वेडंवाकडं जात नाही, त्यामुळे उसण भरायची भीती नाही. आपल्यापेक्षा बेढब माणसं येतात, लाज वाटत नाही. जमेल तेवढं करा, कुणी वरून ओरडत नाही.

"आणि वाईट काय?"

"दोन मशीनं कायम बंद, वर कागद चिकटवलेला. संध्याकाळी रांग. मास्तर अजून दिसले नाहीत." मग म्हणाला, "आणि कुणी वरून ओरडत नाही."

"ते तर तू चांगल्यात घातलंस."

"हो. दोन्हीकडे घाल."

बोलायचा प्रयत्न त्याने केला होता, नाही असं नाही. एकदा पळत्या पट्ट्यावर शेजारी एक गृहस्थ चालत होते, घामाने निथळत. खालचा म्हणाला, "काय, कुठवर आलात?" त्या गृहस्थांच्या कानांत गाणी ऐकायची बोंडं होती. त्यांनी एक बोंड काढलं आणि म्हणाले, "तुम्हाला हवंय का हे मशीन?" आणि उतरूनच गेले. त्यानंतर खालच्याने कुणाला काही विचारलं नाही.

हुं मात्र सहजी जाईना. तो काय तोंडाचा खेळ आहे? वजन आलं की आपोआप पोटातून वर यायचा. मग त्याने दात आवळायला सुरुवात केली, ओठ मिटायला, श्वास नाकाने हळू सोडायला. चुकून निसटला की आरशातली माणसं वळायची, आणि तो मान खाली घालायचा. असं करता करता थंडी सरेपर्यंत हुं पोटातल्या पोटात जिरायला लागला. खिळा आता पहिल्यापेक्षाही खालच्या भोकात जायचा. पाठ फळीसारखी झाली. दांडा ओढायचा, सोडायचा, मनात आकडे मोजायचे, उठायचं, फडक्याने आपला घाम पुसायचा. काउंटरवरची मुलगी एकदा म्हणाली, "काका, आता तुम्ही आहात की नाही तेसुद्धा कळत नाही." तिने ती शाबासकी म्हणून दिली आणि त्याने ती तशीच घेतली.

मग मालकाने बोलावलं. काम खरं होतं: एका म्हाताऱ्या जोडप्याचं सामान वरच्या मजल्यावर चढवायचं. त्यातलं एक लाकडी कपाट, जुन्या घडणीचं, माणसाला चिरडूनही त्याची माफी न मागणारं. जिना अरुंद, वळणं आखूड. मालक स्वतः येऊन खाली उभा राहिला. नवा गाडीपाशी.

"आलास?" वरचा म्हणाला. "मला वाटलं कपबशीशी लग्नच लावलंस."

"तुझी वाट बघून तिने दुसरा केला."

दोघं हसले. ओझ्याचे पट्टे खांद्यांवर आवळले. खालच्याने गाल लाकडाला लावला, आणि घरी आल्यासारखं त्याला वाटलं.

"चल?" वरून आलं.

खालच्याने दात आवळले, नाकाने श्वास सोडला आणि कपाट उचललं. एवढं सहज उचललं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. वर मात्र धडपड ऐकू आली.

"अरे, अरे! माझा पाय खालीच आहे! हुं कर की!"

"केलं ना?"

"कधी? मनात?"

त्याला खरंच वाटत होतं की आपण केलं. पुढच्या पायरीला त्याने ध्यान ठेवलं. हुं आला, पण ओझं उचलून झाल्यावर, मागाहून, पाहुणे गेल्यावर दार उघडल्यासारखा. वरचा शिव्या घालतच होता, "बैला, आधी आवाज, मग अंग! आधी आवाज!" आणि खालच्याला त्या शिव्या गोड लागत होत्या. त्याला घाई झाली. खाली मालक म्हणत होता, "वा! ताकद आहे बरं का गड्यात!" ते ऐकून अंगात आणखी जोर चढला. जिममध्ये हात जसे चालायचे तसे आता चालायला लागले, ओढा, सोडा, मनात आकडे, आणि ओझ्याच्या पलीकडे कुणी आहे हे पार विसरून तो वळणावर आला.

"थांब, इथे जरा—"

कपाट वर गेलं होतं. वरून एक आवाज आला, शब्द नसलेला.

कपाटाची कड आणि भिंत यांच्यामध्ये वरच्याची बोटं सापडली होती. खालच्याने ओझं मागे घेतलं, तिथेच टेकवलं आणि फटीतून वर बघितलं. वरचा पायरीवर बसला होता, हात छातीशी धरून. दोन बोटांची सालं निघाली होती, रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

खालचा शिवीची वाट बघत राहिला. रेडा, बैल, काहीही.

"राहू दे," वरचा म्हणाला. "फार नाही लागलं. तुझी काही चूक नाही. जिना अरुंद आहे."

इतक्या वर्षांत वरचा त्याच्याशी इतकं नीट कधी बोलला नव्हता. उसण भरलेल्या दिवशीसुद्धा नाही.

मालक चार पायऱ्या चढून आला. त्याने आधी बोटं बघितली, मग कपाट, मग खालच्याचे दंड. "पहिल्या दिवशी होतं असं," तो म्हणाला. "ताकदीत तू पास. उद्यापासून गाडीवर ये."

खालच्याने वरच्याकडे बघितलं. वरचा खिशातून रुमाल काढून बोटांना गुंडाळत होता, डाव्या हाताने, जमत नव्हतं तरी.

"सवय येईल परत," वरचा म्हणाला. त्याच्याकडे न बघता म्हणाला.

"तोवर तुझी बोटं पुरायची नाहीत," खालचा म्हणाला.

वरच्याला हसू आलं, पण हे खोटं आहे असं तो कसं म्हणणार? रोज खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यापर्यंत त्याला उलटं चालायचं होतं, मागे न बघता, फक्त एका आवाजावर भरवसा ठेवून. तो आवाज आता येईल की न येईल, हे खालच्याला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. त्याने खांद्यावरचा पट्टा काढला.

"मालक, त्या नव्याला बोलवा."

"अरे पण—"

"बोलवा. मला गोदामात बरं आहे. सावली असते."

नवा आला, लांबट मानेचा, बावरलेला. खालच्याने त्याला पट्टा चढवून दिला, कुठे आवळायचा ते दाखवलं आणि भिंतीला चिकटून त्याला जागा करून दिली. मग पायऱ्या उतरू लागला. खाली पोचेपर्यंत मागून ऐकू येत होतं.

"चल?"

"हुं." किरटा होता खरा, पण वेळेवर.

"उजवीकडे रे, उजवीकडे! तुझ्या मानेला मोड आहे की नाही, शहामृगा?"

रस्त्यावर गाडीची मागची फळी उघडी होती. कपाटावर बांधून आणलेल्या जाड रजया तिथे कशातरी टाकल्या होत्या. त्या रजया मोठ्या असतात, घडी घालायला दोघं लागतात, एकाने दोन टोकं धरायची, दुसऱ्याने दोन. खालच्याने इकडेतिकडे बघितलं. मालक जिन्यातच होता. त्याने एका रजईची कड हनुवटीखाली दाबली, हात लांब करून टोकं जुळवली आणि पोटाशी धरून ती अर्धी केली. घडी वाकडीच आली. ती तशीच बाजूला ठेवून त्याने दुसरी उचलली.