टेम्पो देव्हाऱ्यात आहे

माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या काका ब्रेक मारायचे. समोरून एखादी बाईक सुसाट गेली की त्यांचा उजवा पाय चपलेसकट लादीवर दाबला जायचा. बाईकवाल्याला त्याचा पत्ता नसायचा. मी विचारायचे, "काका, थांबली का गाडी?"

"थांबतली गो बाय. पळान पळान जातलो खंय?"

पळून पळून जाणार कुठे, हे त्यांचं पालुपद. चोराला, पावसाला, माझ्या उधारी ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला, सगळ्यांना तेच लागू.

लालबागला माझं सीटकव्हर, हॉर्न आणि आरशांचं दुकान आहे. वडिलांच्या मागे मी गल्ल्यावर बसले तेव्हा "बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं" म्हणणारे चिक्कार होते. काका त्यातले नव्हते. पोलीस खात्यात उभा जन्म गाडी चालवून ते रिटायर झाले होते आणि काळाचौकीच्या चाळीत एकटे राहत होते. मी जीपीएस विकायला ठेवलं आणि ते माझे बिनपगारी सेल्समन झाले. काडेपेटीएवढी डबी गाडीत लपवायची आणि गाडी कुठे आहे ते फोनवर ठिपक्यात बघायचं, एवढंच ते. पण काका त्या डबीवर असे काही खूश झाले, की जणू पहिला नातूच झाला.

त्यांच्या फोनवर एक व्हिडिओ होता. परदेशातले पोलीस पळणाऱ्या गाडीवर बंदुकीतून अशीच डबी चिकटवतात आणि मग आपली गाडी चक्क हळू करतात. वायपर घ्यायला आलेला असो की पायपुसणं, तो बघितल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. "हेका म्हणतत अक्कल," काका म्हणायचे. "आपण काय करतव? सायरन लावन धावतव. अरे, ठिपको बघूचो, फुडल्या नाक्यार चाय पित ऱ्हवाचा. चोर येता आपल्या पायान."

एकदा एक टॅक्सीवाला म्हणाला, "काका, तुम्हाला पळायचा कंटाळा, दुसरं काय!" काका हसले. तो गेल्यावर मात्र आपणहून बोलले. नोकरीत असताना परळला त्यांनी एका चोरलेल्या गाडीचा पाठलाग केला होता. वळणावर त्या गाडीने सायकलवरच्या पाववाल्याला उडवलं. तो जागीच गेला, आणि त्याचे पाव रस्ताभर झाले.

"चोर गावलो. माका शाबासकी मिळाली," काका म्हणाले. "त्या पाववाल्याक काय मिळाला?"

मी चहा मागवला. समोरून बाईक गेली आणि लादीवर पाय दाबला गेला. त्या दिवसापासून मी त्यावरून त्यांची थट्टा केली नाही.

आता दसऱ्याची गंमत ऐका. काकांच्या जावयाने नवा टेम्पो घेतला होता. बायकोचे दागिने मोडून घेतलेला, सगळं घर त्या टेम्पोवर. डबी अर्थात काकांनीच बसवून घेतली होती, ठिपका माझ्याही फोनवर दिसायचा. दसऱ्याला मी संध्याकाळी सोनं द्यायला काकांकडे गेले. लेकीचं कुटुंब सकाळपासून सणाला त्यांच्याकडेच होतं; लेक आणि नात देवीची मिरवणूक बघायला गेल्या होत्या. जावई टेम्पोची पूजा करून, झेंडूचा हार घालून, चावी गाडीलाच ठेवून वर फराळाला आलेला. खाली आवाज झाला म्हणून आम्ही गॅलरीत आलो, तर हार घातलेला टेम्पो चाळीच्या तोंडाशी वळत होता आणि चालवणारा भलताच.

"थांबा, ठिपका बघते," म्हणत मी फोन काढला. ठिपका जागच्या जागी, हिरवागार. "काका, हे तर टेम्पो इथेच आहे म्हणतंय."

काकांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. कोयता, पाना, पक्कड, आणि त्यांच्या शेजारी हळदकुंकू लावलेली, झेंडू वाहिलेली आमची डबी.

खात्यात इतकी वर्षं शस्त्रपूजा केलेला माणूस. आता त्यांचं शस्त्र म्हणजे ती डबी, म्हणून सकाळीच टेम्पोतून काढून पूजेला मांडली होती. उद्या परत लावणार होते. मला हसू की रडू असं झालं.

जावई काकांची बाईक काढायला धावला. पण चावी खुंटीवर नव्हती. ती काकांच्या मुठीत होती.

"मामा, चावी द्या."

"जावयबापू, बसा हय."

"माझा टेम्पो चाललाय, आणि तुम्ही बसा म्हणता? आता कुठाय तुमचा ठिपका?"

ठिपका देव्हाऱ्यात होता. एरवी काकांच्या तोंडी असायचं ते पालुपद त्या दिवशी आलं नाही. लेकीचं सगळं सोनं त्या टेम्पोत होतं आणि ते कुठे जाणार हे काकांना खरंच माहीत नव्हतं. तरी मूठ उघडली नाही. एवढंच म्हणाले, "रस्त्यार माणसा आसत." मग मला म्हणाले, "बाय, पोलिसांक फोन लाव."

जावई वाटेल ते बोलला. म्हाताऱ्याने माझं वाटोळं केलं, असंही बोलला. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चौकीत पोलिसांनी रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं, मीही सोबत गेले होते. देवीची मिरवणूक चाललीय. बाजूने आपला टेम्पो येतो, हार घातल्यामुळे मिरवणुकीतलाच वाटतो. चोराच्या मागे कुणी नाही, त्यामुळे घाई नाही. तो थांबतो, बायकापोरांना जाऊ देतो, वर देवीला हातही जोडतो. आणि समोरून आईचं बोट धरून काकांची नात रस्ता ओलांडते. टेम्पो ओळखून, आत बाबाच आहेत असं वाटून, हात हलवते.

जावयाने ते चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. मग तो काकांच्या शेजारी बाकावर बसला आणि त्याने त्यांचा हात धरला. काका लहान मुलासारखे रडले.

टेम्पो आठवड्याभराने ठाणे शहराच्या पुढे एका गोदामामागे सापडला. बॅटरी आणि स्टेपनी गेली होती, हार तसाच होता, वाळलेला. जावयाने माझ्याकडून नवी डबी बसवून घेतली आणि बजावलं, "ही पूजेला काढायची नाही. हिची पूजा गाडीतच." जुनी डबी काकांनी ठेवून घेतली आणि पुढे गावी राहायला गेले तेव्हा सोबत नेली. मी माझ्या फोनवर त्यांच्या गावच्या घराला 'घर' अशी खूण केली आणि त्यांचा ठिपका अधूनमधून बघायचे. घर, देऊळ, घर.

गेल्या शिमग्याला काका गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. मागोमाग डबीचीही बॅटरी संपली आणि ठिपका राखाडी झाला. तो काढून टाकायचं माझ्याच्याने झालं नाही.

यंदा दसऱ्याला दुकानात पाने, पकडी मांडून पूजा करत होते, तेव्हा फोन वाजला. फोनमधलं डबीचं जुनं नाव मी कधी बदललंच नव्हतं. लेक आणि जावई गावी गेलेत, त्यांनी डबी चार्ज करून देव्हाऱ्यात ठेवली असणार. ठिपका हिरवा झाला होता, आणि खाली लिहून आलं होतं: टेम्पो घरी पोहोचला आहे.