मग उजवी बाही

वहिनी,

तुमच्याबद्दल लिहायला बसले आहे. विचारलं असतं तर "माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं, वन्सं?" म्हणून मोकळ्या झाला असतात, म्हणून विचारलंच नाही. आणि समोर बसवून सांगायला लागले तर दर वाक्याला खोट काढाल. तेव्हा यापुढे कागदावर तुम्ही टेपबाई. कारखान्यात सगळे म्हणतातच. रागवायचं असेल तर शेवटी रागवा.

तर टेपबाई. गळ्यात टेप नसली की समजायचं, बाई आंघोळीला गेल्या आहेत. एकतीस वर्षं एकाच शिवणकारखान्यात कटर. कोटाचे पुढचे भाग पाठ, बाह्या पाठ, कॉलर पाठ, पाठ तर पाठच. हात कापत असायचा आणि तोंड मोकळं. कापता कापता त्यांनी निम्म्या कारखान्याची भांडणं मिटवली, आणि दोन-चार लावलीही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी अडकली. बोलणं-चालणं महिन्याभरात जागेवर आलं. राहिली ती एक खाच. हातातलं काम कुठवर आलंय, ते मधेच पुसून जायचं. हात मात्र थांबायचा नाही. त्याला जे येत होतं ते तो करून टाकायचा. एकदा दुधाची पिशवी कापायला त्यांनी कात्री घेतली, तेवढ्यात बेल वाजली. "कोण?" म्हणून विचारेपर्यंत हाताने पिशवीला मुंढा कापला होता. कोटाला बाही जोडायला काखेत जो गोल काप देतात ना, अगदी तसा, सुबक. दूध ओट्यावरून खाली.

"आता अस्तर कुठलं लावतेस?" माझा भाऊ म्हणाला. आम्ही सगळे हसलो. टेपबाई हसल्या नाहीत.

कामावर परत गेल्या तर पहिल्याच आठवड्यात करड्या चौकड्यांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या. चौकडी जुळवायची म्हणून कापड एकेरी पसरायचं होतं. दुहेरी घडीत डावी-उजवी एकदमच निघतात; एकेरी कापडावर एक बाही कापली की पुठ्ठ्याचा फर्मा उलटा करून दुसरी कापायची. शिकाऊसुद्धा विसरत नाही. त्या विसरल्या.

मालकीण तिशीची, वडिलांमागे कारखाना सांभाळणारी, त्यांना मावशी म्हणणारी. ती ओरडली नाही. म्हणाली, "मावशी, शनिवारी बँडवाल्यांची मखमल येतेय. चार जाकिटं. कापड मोजकं आहे, वर वीतभरही नाही. जमलं तर टेबल तुमचं. नाही तर काजं-बटणांकडे बसा. पगार तोच."

पगार तोच, हेच झोंबलं. काजं-बटणांवाल्यांनी मला माफ करावं, पण कटरला तिथे बसवणं म्हणजे ड्रायव्हरला मागच्या सीटवर बसवून खिडकी उघडून देणं.

मी लगेच कापायच्या भागांची यादी करून दिली, ठळक अक्षरात; एकेक झालं की पुढे खूण करायची. शून्य उपयोग. खूण आधी केली की कापायचं राहायचं, आधी कापलं की खूण राहायची.

"वन्सं, झालेलं आठवायला गेलं की मी अडकते," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा होणारं आधीच बोलून ठेवलं तर?"

मग चार दिवस जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं आणि कात्री. हातातला तुकडा वीतभर राहिला की पुढचं मोठ्याने म्हणायचं: "मग डावी बाही." डावी संपत आली की, "मग फर्मा उलटा, मग उजवी बाही." 'मग' म्हटल्याशिवाय कात्री मिटायची नाही. कोणी हाक मारली तर बोट वर करायचं, आधी 'मग', नंतर 'ओ'.

भाऊ कावला. "आंघोळ करून येते आणि 'मग पावडर' म्हणते! किती दिवस चालणार हे?"

"मग तुम्ही गप्प," त्या म्हणाल्या.

शनिवारी लाल मखमल टेबलावर आली. मखमलीची लव एकाच दिशेने झुकलेली असते, म्हणून तीही एकेरीच पसरायची. मशीनवरच्या बायकांच्या माना खाली आणि कान टेबलाकडे. दोन जाकिटं बिनबोभाट झाली. तिसऱ्याची डावी बाही संपत आली. "मग फर्मा उलटा, मग उजवी बाही."

"मावशी, चहा सांगू का?" मालकिणीने दारातून विचारलं.

"सांग. साखर कमी."

एवढंच बोलायला मान वळवली होती. परत पाहिलं तर हात पुढे निघून गेलेला. फर्मा उचलून, सरकवून, कडेने खडू फिरवून मोकळा. दुसऱ्या हाताने कात्री उघडलीसुद्धा. पण जिभेवर अजून 'उलटा' होता, आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं 'डावी' हे त्यांच्याकडे सरळ बघत होतं. कात्रीचं टोक कापडापासून बोटभर.

त्या थांबल्या. हाताकडे बघून म्हणाल्या, "काय हो, कोणाला विचारून?"

मशीनवर कोणीतरी फिस्सकन हसलं. टेपबाईंनी खडू झटकला, फर्मा उलटा केला, नवी रेघ मारली आणि सरसर उजवी बाही कापली. चहा निवला.

दुपारी मालकिणीने आठही बाह्या जोडीने मांडून पाहिल्या. डावी-उजवी, डावी-उजवी. दोनदा पाहिल्या.

"सोमवारी आठला या, मावशी."

"मग?"

"मग काय! टेबल तुमचं."

त्याला तीन वर्षं झाली. हात अजूनही पुढे पळतो. पण आता पुढे काय ते जीभ आधी ठरवते, आणि हाताला तिचं ऐकावं लागतं. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. स्वतःच्या हाताला एवढ्या शांतपणे जाब विचारणारं दुसरं पाहिलं नाही.

आणि वहिनी, आता रागवा. आठ तास उभं राहून तुमच्या टाचा दुखतात म्हणून टेबलापुढे टाकायला रबराची जाड चटई आणायची होती. जड असते, दोघींनी जायचं ठरलं. एका मंगळवारी तुम्हाला जादा काम, दुसऱ्या मंगळवारी माझी दाढ. तिसऱ्या मंगळवारी निघालो, बोलत बोलत, आणि बोलणं संपलं तेव्हा उभ्या होतो तुमच्या कारखान्याच्या दारात. मंगळवारची सुट्टी मुद्दाम काढलेली! पाय तुमचे वळले आणि मी शहाणी तुमच्यामागे. इतकं हसलो की बाजार राहूनच गेला. पुढे त्या रबरवाल्याने दुकान विकलं. चटई आणलीच नाही.